जुन्या रोड बाइकचे क्रँक, डिरेलर, फ्रीव्हील: वापरलेले घ्यावेत की जुन्या धाटणीचे नवे?

सह्यभटका
नमस्कार मंडळी. सत्तरच्या दशकातली एक प्यूजो रोड बाइक उभी करतोय. मेहुणा लिऑंला असतो. त्याच्या शेजाऱ्यांनी घर बदलताना ती देऊन टाकली आणि त्यानं सुट्टीला येताना खोक्यात बांधून पुण्याला आणली. फ्रेम, फोर्क, माफाकचे ब्रेक चांगले आहेत. बाकी चेनच्या बाजूचं सगळं गेलंय. कॉटर पिनवाला (एक्सलला पाचरीसारख्या पिनेनं बसणारा) उजवा क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, वाकलाय, सिम्प्लेक्सच्या मागच्या डिरेलरचं (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेतो तो भाग) प्लास्टिक चिरलंय, पाच चकत्यांचं फ्रीव्हील (मागच्या हबवर आट्यांनी बसतो तो चकत्यांचा संच) गंजून एकसंध झालंय.

दोन वाटा दिसतात. एक म्हणजे त्याच काळातले वापरलेले भाग शोधायचे. दुसरी म्हणजे जुन्या धाटणीचे पण आज बनणारे भाग घ्यायचे, सुगिनोचे क्रँक, गियर बदलायचे डाया-कॉम्पेचे रॅचेटवाले शिफ्टर वगैरे. माझा कल जुन्याकडे आहे. भंगारात जाणारी चांगली वस्तू परत रस्त्यावर धावते, याचा मला मनापासून आनंद होतो. पण जाहिराती वाचून वैताग येतो. एकच फोटो, तोही पुढून, आणि खाली 'रेअर, विंटेज, कंडिशन उत्तम'. आटे कुठले, लांबी किती, दाते किती झिजलेत, अक्षर नाही.

ज्यांनी असे भाग घेतलेत किंवा विकलेत त्यांनी सांगा: काय तपासता, काय विचारता आणि कुठे सरळ नाही म्हणता?

घाटवेडी
भागांचं नंतर बघू, आधी फ्रेमचे आटे बघा. सत्तरच्या दशकातली प्यूजो म्हणजे बहुतेक फ्रेंच आटे. पुढे काही काळ स्विस आणि मग ब्रिटिश. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, जिथे क्रँकचा एक्सल फिरतो) उजव्या कपावर बऱ्याचदा कोरलेलं असतं. ३५ × १ (व्यास आणि दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) असेल तर फ्रेंच किंवा स्विस, १.३७ × २४ (व्यास इंचात, इंचाला २४ आटे) ब्रिटिश, ३६ × २४ (व्यास मिमीत, इंचाला २४ आटे) इटालियन. काहीच दिसत नसेल तर उजवा कप कुठल्या दिशेनं सुटतो ते पाहा. नेहमीसारखा सुटला तर फ्रेंच किंवा इटालियन, उलट्या आट्यांचा निघाला तर ब्रिटिश किंवा स्विस.

नुसत्या व्हर्नियरवर विसंबू नका. ब्रिटिश कप ३४.८ मिमी, फ्रेंच ३५. झिजलेल्या आट्यांवर एवढा फरक हातात राहत नाही. आटे मोजायची पट्टी लावली की एक मिमीचा आटा आहे की इंचाला चोवीसचा, ते लगेच कळतं.

हीच कथा फ्रीव्हीलची आणि पॅडलची. फ्रेंच हबवरचे आटे ३४.७ × १, त्यावर आजचं ब्रिटिश आट्याचं फ्रीव्हील चढवू नका. दोन फेरे फिरेल, तिसऱ्याला हबचे आटे जातील. फ्रेंच पॅडल १४ मिमीचं, आजचं ९/१६ इंची. पॅडलवर 'डी' आणि 'जी' अशी अक्षरं असतील तर ती डावी-उजवीची फ्रेंच अक्षरं: डी उजवं, जी डावं.

निखळलेली_कडी
आमच्या काकांकडे कल्याणला बनलेली प्यूजो ३०९ होती, चारचाकी. तिचे आटे कुठले असतील?

घाटवेडी
@निखळलेली_कडी, ती विकायला काढली तर वेगळा धागा काढा, नक्की येईन वाचायला :)

लेथवाले_काका
कोल्हापुरातनं लिवतोय. आटे फ्रेंच म्हणून घाबरायचं कारण न्हाई. मेट्रिक लेथवर एक मिमीचा आटा पाडणं म्हंजे रोजचं काम. पण नवा कप करून त्यात छर्रे फिरवायचं म्हणशील तर नको. छर्रे फिरतात तो मार्ग कडक करावा लागतो, घासून आरशासारखा करावा लागतो, ते छोट्या वर्कशॉपचं काम न्हाई. त्यापरीस आधी जुने कप काढून नीट बघ. रॉकेलात धू, उन्हात धर, मार्गावर खड्डे दिसत न्हाईत तर तेच वापर. नवे छर्रे, नवं ग्रीस, झालं काम. कप कधी फेकू नको भावा, फ्रेममधनं निघालेला शाबूत कप सोन्याच्या भावाचा.

आणि उजवा फ्रेंच कप सरळ आट्यांचा असल्यानं चालवता चालवता सैल व्हायला बघतो. बसवताना भरपूर आवळ.

सह्यभटका
काका, घाटवेडी, दोघांचेही आभार. कप काढला. नेहमीच्या दिशेनं सुटला आणि वर ३५ × १ आहे. म्हणजे फ्रेंच. मार्ग स्वच्छ आहेत, पण एक्सल कॉटरवाला. त्याच कपात चौकोनी टोकाचा एक्सल बसवून अ‍ॅल्युमिनियमचे क्रँक लावता येतील का?

ऊट्रेख्तची_मीरा
येतील, पण एक्सलवर छर्रे ज्या दोन जागी टेकतात त्यांच्यातलं अंतर तुमच्या फ्रेममधल्या बीबीच्या ६८ मिमीच्या नळीशी जुळायला हवं. इटालियन ७० मिमीसाठीचा एक्सल स्वस्तात मिळाला म्हणून उचलू नका.

ते नको असेल तर आट्यांचा संबंधच नसलेली बीबी मिळते. दोन बाजू आतून एकमेकींत आवळल्या जातात आणि नळीच्या कडांना घट्ट धरतात. वेलो ऑरेंजची तशी आहे. फिल वुडकडे फ्रेंच आट्यांच्या वेगळ्या रिंगा मिळतात, महाग पडतं पण आयुष्यभराचं काम.

मी इथे नेदरलँड्समध्ये बरेच भाग घेते. सायकलींचा देश असल्यामुळे गॅरेजं साफ करणारे आजी-आजोबा हेच उत्तम विक्रेते. त्यांना किंमत वाढवायची नसते, वस्तू कुणीतरी वापरावी एवढंच असतं. न चुकता मागते ते फोटो असे: क्रँकची मागची बाजू, चौकोनी भोक जवळून, चेनरिंगचे (क्रँकवरची पुढची चकती) दाते बाजूनं आणि क्रँक ओढायचा पाना जिथे बसतो ते आटे. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. स्ट्राँगलाइटचे जुने क्रँक २३.३५ मिमीच्या पान्याचे, टीएचे २३ चे आणि बाकी जगाचे २२ चे. कुणीतरी स्ट्राँगलाइटमध्ये २२ चा पाना घालून जोर लावलेला असतो आणि आटे पार सपाट झालेले असतात. असा क्रँक एकदा बसवला की धड निघत नाही.

शुद्धलोखंड
माझं मत स्पष्ट आहे. प्यूजोवर फ्रेंच भागच हवेत. स्ट्राँगलाइट ९३ क्रँक, सिम्प्लेक्स डिरेलर, माइयार्ड फ्रीव्हील. तेव्हाची फ्रेंच गाडी ही एक पूर्ण कल्पना होती, एकाच मुलखातल्या कारखान्यांनी एकमेकांसाठी बनवलेली. त्यावर जपानी डिरेलर टांगला की गाडी चालेल, पण ती प्यूजो राहणार नाही. थांबा, शोधा, दोन वर्षं लागू द्यात.

डबलसीट
@शुद्धलोखंड, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण सिम्प्लेक्स प्रेस्टिज हा भाग मी कुणालाच सुचवणार नाही. डेल्रिन प्लास्टिक पन्नास वर्षांनी ठिसूळ होतं आणि चिरतं. सह्यभटकांचा चिरलाय, दुसरा आणलात तर तोही त्याच वयाचा. धातूचे सिम्प्लेक्स वेगळे, ते टिकतात. फ्रेंचच हवं असेल तर सिम्प्लेक्सचे रेट्रोफ्रिक्शन शिफ्टर घ्या, त्यांच्या आतल्या स्प्रिंगची करामत आजही कुणाला मागे सारता आलेली नाही.

मागे मात्र सनटूर लावा. १९६४ साली त्यांनी तिरका समांतरभुज डिरेलर काढला. चेन प्रत्येक चकतीपासून सारख्या अंतरावर राहते, त्यामुळे गियर अचूक पडतो. १९८४ ला पेटंट संपलं आणि मग सगळ्यांनीच ती रचना उचलली. सनटूरचा साधा डिरेलरही त्या काळच्या पुष्कळ महागड्या युरोपीय डिरेलरांपेक्षा सरस गियर टाकतो. नाव मोठं नसल्यानं आजही परवडतो.

शुद्धलोखंड
अचूक गियरच हवा असेल तर नवी सायकल घ्यावी. इथे विषय जुन्या गाडीचा आहे.

डबलसीट
विषय चालवायच्या गाडीचा आहे. त्यांना ती भिंतीवर टांगायची नाहीये.

वरंधा
भांडू नका रे. सह्यभटका, गाडी कुठे चालवणार तेवढं सांगा, क्रँक त्यावर ठरेल. सिंहगड, वरंधा, ताम्हिणी असला बेत असेल तर कॅम्पाग्नोलो रेकॉर्डचे क्रँक कितीही देखणे असले तरी घेऊ नका. त्यांच्या चेनरिंगच्या बोल्टांचं वर्तुळ १४४ मिमी, त्यावर ४१-४२ दात्यांपेक्षा लहान चेनरिंग बसतच नाही. पुढे ४२ आणि मागे २८ दाते म्हणजे पॅडलच्या एका फेरीत गाडी सव्वातीन मीटरच्या आसपास जाते. सिंहगडाच्या शेवटच्या चढाला गुडघे हिशेब मागतात. शिमानोच्या १३० ला ३८ पर्यंत जाता येतं. ११० असेल तर ३४ दाते बसतात, तेव्हा तीच फेरी अडीच मीटरवर येते आणि बसून चढता येतं. टीए आणि स्ट्राँगलाइट ४९डीचं वर्तुळ ५०.४ मिमीचं, त्यावर आणखी लहान रिंगा लागतात आणि तो फ्रेंचही आहे. म्हणजे शुद्धलोखंड यांचीही हरकत नसावी.

रेकॉर्डचं आणखी एक. क्रँकचा दांडा आणि चेनरिंग धरणारा शेजारचा पंजा यांच्या बेचक्यात तडे जातात. पुसून, भिंगातून, तिरक्या उजेडात बघा. केसासारखी रेघ दिसली आणि नखाला अडकली तर तो क्रँक शोकेसचा. पायाखाली तुटला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. हे विकणाऱ्यानं सांगितलंच पाहिजे. मी याला व्यवहार नाही, माणुसकी म्हणतो.

मिरजेची_चेन
कॉटर पिनचा विषय निघालाय म्हणून. आमचं मिरजेत सायकल दुकान होतं, वडील कॉटर बसवायचे ते आजही डोळ्यांसमोर आहे. कानशीनं पिनेची सपाट बाजू घासायची, घालून बघायची, परत काढून दोन हात मारायचे. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. ठोकताना क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू द्यायचा, म्हणजे हातोड्याचा मार छर्र्यांवर जात नाही.

सांगायचं असं की सह्यभटका, वाकलेल्या क्रँकच्या जागी दुसरा कॉटरवाला लोखंडी क्रँक मिळाला तर बाकी काहीच बदलावं लागणार नाही. फक्त फ्रेंच पिन ९ मिमीची, आपल्याकडे दुकानात मिळते ती साडेनऊची. ती घासून बारीक करता येते, कुठलाही जुना मिस्त्री करून देईल. वजन जास्त, पण लोखंडी क्रँक अचानक तुटत नाही.

कानस_आणि_हातोडा
+१. आणि आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीला हे काम येतं. परदेशात म्हणे कॉटर काढायला खास प्रेस विकत घ्यावा लागतो.

ऊट्रेख्तची_मीरा
खरंय. इथे आमच्या दुकानातल्या तरुण मुलांना कॉटर दाखवला तर कौतुकानं बघतात, हात लावत नाहीत.

टोकियोकर
जपानमधून थोडं. इथे जुन्या सामानाच्या दुकानांत आणि लिलावात सनटूर, सुगिनो, शिमानो ६०० भरपूर येतं आणि विकणारे झिजेचं वर्णन फार प्रामाणिकपणे करतात. ओरखडा कुठे, बोल्ट कुठला बदललेला, सगळं लिहितात.

शिमानोचं वय ओळखायला मागच्या बाजूची दोन इंग्रजी अक्षरं वाचा. पहिलं वर्षाचं, 'ए' म्हणजे १९७६, तिथून पुढे मोजा. दुसरं महिन्याचं, 'ए' ते 'एल'. 'जीसी' म्हणजे मार्च १९८२. विकणारा 'सत्तरच्या दशकातला' म्हणत असेल आणि पहिलं अक्षर 'के' असेल तर तो १९८६ चा आहे, त्याप्रमाणे बोला. कॅम्पाग्नोलोच्या नुओवो रेकॉर्ड डिरेलरवर बऱ्याचदा 'पेटंट' आणि पुढे वर्षाचे दोन आकडे थेट कोरलेले असतात.

ड्युरा-एस ७४०० चा डिरेलर कुणी विकत असेल तर लक्षात ठेवा, त्याची केबल ओढ शिमानोच्या इतर मालिकांपेक्षा वेगळी आहे. क्लिकवाले शिफ्टर त्याच मालिकेचे हवेत. साध्या घर्षणाच्या, क्लिक नसलेल्या शिफ्टरला काही फरक पडत नाही.

सह्यभटका
फ्रीव्हीलवर अडलोय. गंजलेलं आहे, दोन खाचांचं. मिस्त्री म्हणतो रिम नाहीतरी वाकलंय, तारा कापून हब मोकळा कर, मग शांतपणे सोडवू.

घाटवेडी
थांबा! तारा कापू नका!! रिम हाच तर तुमचा दांडा आहे. नुसत्या हबवरून फ्रीव्हील काढायला धरायला जागाच उरत नाही.

असं करा. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. दोन खाचांचा पाना बरोबर बसवून वरून एक्सलचा नट हातानं टेकवा, म्हणजे पाना उडी मारून खाचा तोडणार नाही. पाना बाकात पकडा, दोन्ही हातांनी रिम धरून घड्याळाच्या उलट फिरवा. कड्कन आवाज आला की लगेच नट सैल करा, मग थोडं फिरवा, परत सैल करा. नट तसाच ठेवून फिरवत राहिलात तर एक्सल तुटेल.

आणि विकणाऱ्यांना कळकळीची विनंती, हब कापून काढलेला, फ्रीव्हील त्यावरच अडकलेलं, असा माल 'फ्रीव्हीलसह' म्हणून विकू नका. घेणाऱ्याच्या दृष्टीनं ते वजन आहे फक्त.

लेथवाले_काका
बरोबर बोललीस ताई. आणि गंज काढायला अ‍ॅसिडात बुडवायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका. अ‍ॅल्युमिनियम काळं पडून खातं आणि कडक पोलादाची चेन आतनं ठिसूळ होते. वरनं झक्क दिसती, चढावर तुटती.

सह्यभटका
निघालं!! तसंच केलं, रिम धरून. हब शाबूत आहे. मनापासून आभार घाटवेडी.

आता दुसरा प्रश्न. माझ्याकडे दुसऱ्या एका गाडीचा शिमानो ६०० चा संच पडून आहे: क्रँक, दोन्ही डिरेलर, डाउनट्यूब (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरचे) शिफ्टर, चेन. प्यूजोला तो नको आहे, विकायचाय. जाहिरातीत काय लिहू म्हणजे घेणाऱ्याची फसगत होणार नाही?

ऊट्रेख्तची_मीरा
हा प्रश्न विचारणारा विक्रेता मला रोज भेटो. तुमच्या जागी मी काय लिहीन ते सांगते. क्रँकची लांबी दोन्ही बाजूंची वाचून, कारण एक १७० आणि दुसरा १७२.५ अशा जोड्या बाजारात फिरताहेत. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, रिंगांचे दाते, आणि क्रँकच्या भोकाचा चौकोन जपानी मापाचा की इटालियन. दोन्हींचा उतार दोन अंशांचा, पण इटालियन टोक जरा बारीक, त्यामुळे चुकीचा एक्सल लावला तर क्रँक साधारण साडेचार मिमी आत किंवा बाहेर बसतो आणि चेनची रेषा बिघडते. डिरेलरच्या फिरत्या सांध्यांत किती खेळ आहे ते बोटांनी हलवून छोटा व्हिडिओ टाका. लहान चाकं झिजलेली असली तरी हरकत नाही, नवी मिळतात, पण लिहा. शिफ्टरचे स्क्रू आणि वायसर सगळे आहेत का ते लिहा. एक वायसर नसला तरी अख्खा शिफ्टर निरुपयोगी होतो आणि तोच एक वायसर शोधायला महिने जातात.

वरंधा
चेन मोजून लिहा. पट्टी लावा, २४ अर्ध्या कड्या म्हणजे बरोबर १२ इंच, ३०४.८ मिमी. बारा आणि एक सोळांश इंच भरली तर चेन बदलायची वेळ झाली. बारा आणि एक अष्टमांश भरली तर चेन जातेच, बरोबर चकत्याही गेल्या असं समजा. खरं तर वापरलेली चेन विकूच नये. घेणाऱ्याच्या नव्या चकत्या खाईल ती. भेट म्हणून द्या हवं तर, गाडी ढकलून बघायला.

कानस_आणि_हातोडा
किमतीचं काय? मला वाटतं संच एकत्र विकला तर कमी येतात, सुटे विकले तर जास्त.

टोकियोकर
सुटे विकले की जास्त येतात हे खरं. पण तीस-चाळीस वर्षं एकत्र झिजलेला संच एकत्रच चांगला चालतो आणि एकदा फुटला की परत जमत नाही. मी स्वतः जोडीचे डिरेलर आणि शिफ्टर कधी फोडत नाही.

शुद्धलोखंड
या मुद्द्यावर टोकियोकर यांच्याशी शंभर टक्के सहमत. तुकडे करून विकणाऱ्यांमुळेच चांगल्या गाड्या नाहीशा झाल्या. इटलीत गायोलेला १९९७ पासून 'एरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी भरते, १९८७ किंवा त्याआधीच्याच रोड बाइक, शिफ्टर डाउनट्यूबवर, पॅडलला पट्टे. ती सुरू झाल्यावर लोकांनी माळ्यावरच्या गाड्या खाली काढल्या हे फार चांगलं झालं. पण त्याच मागणीपायी काहींनी अख्ख्या गाड्या उकलून भाग विकले, याचं मला दुःख आहे.

डबलसीट
इथे तुमच्याशी सहमत आहे. नोंद घ्यावी :)

मिरजेची_चेन
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? जुने की नवे?

माझ्या मते जे झिजतं ते नवं घ्यावं: चेन, फ्रीव्हील, केबल, लहान चाकं, छर्रे. जे झिजत नाही किंवा फार हळू झिजतं ते जुनं घ्यावं: क्रँक, शिफ्टर, पुढचा डिरेलर. मागचा डिरेलर हातात घेऊन, हलवून बघून. नवे जुन्या धाटणीचे भाग वाईट नाहीत. सनरेससारख्यांची फ्रीव्हीलं अगदी चोख चालतात, आणि डाया-कॉम्पेचे रॅचेट शिफ्टर सनटूरच्याच वाटेनं जाणारे आहेत.

सह्यभटका
सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय. बीबीचे कप तेच ठेवतोय, काकांनी सांगितल्याप्रमाणे धुऊन. कॉटरवाला लोखंडी क्रँक आधी जुन्या बाजारात शोधतो, मिळाला नाही तर मीराताईंनी सांगितलेली आट्यांशिवायची बीबी आणि ११० चा वापरलेला सुगिनो. मागे सनटूर, डिरेलर टांगायचा वेगळा पत्रा लावून, कारण फ्रेमला हँगर, म्हणजे डिरेलर अडकवायची जागा, नाही. हब फ्रेंच आट्यांचा असल्यामुळे मागचं चाक नवं विणून घेतोय, ब्रिटिश आट्यांच्या हबवर. शुद्धलोखंड, शिफ्टर मात्र सिम्प्लेक्सचेच राहतील, ते चांगले आहेत.

शुद्धलोखंड
शिफ्टर राहताहेत हे वाचून बरं वाटलं. जुना फ्रेंच हब फेकू नका. मला द्या, किंमत सांगा. माझ्याकडे ३४.७ चं माइयार्ड फ्रीव्हील त्याची वाट बघत पडलंय.

सह्यभटका
नक्की. छर्र्यांचे मार्ग उघडून बघतो आणि फोटो टाकतो, मग किंमत बोलू. भोकं ३६ आहेत, चालतील?

शुद्धलोखंड
३६ च हवीत. हबची रुंदी, लॉकनट ते लॉकनट, १२० मिमी आहे का तेवढं मोजा.

लेथवाले_काका
आणि कोन (छर्रे टेकतात ते नट) बघ रे, एक्सलवरचे. खड्डे पडले असतील तर मला कळव. माप दिलंस तर इथं दोन-चार जुने आहेत, जुळतोय का बघतो.